थांबण्याचा नियम

रुग्णालयातले लोक त्याला पाठीमागे 'ओळंबा' म्हणत, आणि ते त्याला ठाऊक होते. भिंत सरळ उभी राहते आहे की नाही हे पाहण्यासाठी गवंडी दोरीला जे वजन बांधून सोडतो, त्याचे नाव माणसाला चिकटायचे तर माणूसही तसाच असावा लागतो. रुग्णालयाचा सारा डेटाबेस त्याच्या ताब्यात होता, आणि सर्व्हरच्या खोलीतली एकही तार त्याने कधी तिरकी जाऊ दिली नव्हती. वादात तो हार मानत नसे. त्याची पत्नी म्हणे, दारावर आलेल्या विक्रेत्याशीही हा इतका मुद्देसूद बोलतो, की शेवटी तो बिचारा स्वतःच्याच मालाविषयी शंका घेऊन परत जातो.

असा हा माणूस गेले कित्येक दिवस घरात कशावरच वाद घालत नव्हता. भाजीत मीठ जास्त झाले तरी निमूट जेवत होता. पत्नीला काळजी वाटू लागली होती ती त्यामुळेच.

सुटीच्या दिवशी दुपारी ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करीत बसली होती. ओळंबा खिडकीपाशी पुस्तक उघडून बसला होता. पान बराच वेळ उलटले नव्हते.

"भिंगरीला जेवायला बोलावलं होतं," ती म्हणाली. "येत नाही म्हणाला."

भिंगरी म्हणजे तिचा धाकटा भाऊ. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून आईने ठेवलेले हे नाव, तिशी उलटली तरी सुटले नव्हते. धंद्याने तो वायरमन. रुग्णालयातली किरकोळ विजेची कामे त्याला ओळंब्यानेच मिळवून दिली होती.

"काम असेल त्याला," ओळंबा म्हणाला.

"कसलं काम? हत्यारांची पेटी माळ्यावर टाकलीय त्यानं. कापडाच्या दुकानात उभा राहतो हल्ली. गिऱ्हाइकाला थान उलगडून दाखवतो आणि परत गुंडाळतो. भिंगरी, अहो, आणि दिवसभर एका जागी उभा."

"बसेल घडी."

"काय बसेल?" तिने हातातला सदरा झटकला. "मी म्हटलं, अरे, एक चूक झाली, माणसाकडून होते. तर मला म्हणतो, ताई, ड्रिल हातात घेतली की भिंतीपलीकडे कुणीतरी निजलंय असं वाटतं. तुम्ही एकदा बोला ना त्याच्याशी. तुमचं ऐकतो तो. आणि खरं सांगू? लोक बोलले त्याचं त्याला काही नाही. तुम्ही बोललात ते रुतलंय."

"मी काय बोललो?"

"मला काय माहीत? मी नव्हते तिथे."

पण तो तिथे होता, आणि काय बोलला ते त्याला शब्दन् शब्द पाठ होते. नव्या इमारतीच्या प्रतीक्षा-कक्षात, रांगेतल्या माणसांसमोर, शिडीवर उभ्या असलेल्या मेहुण्याला तो म्हणाला होता, "भोक पाडण्याआधी विचारलं असतंस तर जीभ झिजली असती का?" भिंगरीच्या केसांवर भिंतीचा पांढरा चुरा पडला होता. तो शिडीवरून उतरला, आणि उतरताना त्याने तो चुरा दोन्ही हातांनी गोळा करून खिशात घातला, जणू निदान तेवढा तरी पसारा आवरावा.

वाक्य चोख होते. ओळंब्याची वाक्ये नेहमीच चोख असत. खोट एवढीच होती, की ज्याला ते ऐकवायला हवे होते तो शिडीवर नव्हता, शिडीखाली उभा होता.

हे समजण्यासाठी त्या दोन सर्व्हरांची गोष्ट सांगायला हवी; ती काही फार अवघड नाही. रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत एक सर्व्हर होता, नव्या इमारतीत दुसरा. दोघांकडे एकच डेटाबेस, दोघेही एकाच वेळी कामावर. जुन्या इमारतीत रक्ताचे नमुने घेण्याच्या खिडकीवर आलेल्या रोग्याच्या नळीला पहिला सर्व्हर क्रमांक देई, नव्या इमारतीतल्या खिडकीवर आलेल्याच्या नळीला दुसरा सर्व्हर देई, आणि तरीही क्रमांकांची माळ एकच राही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असे म्हणतात. इथे त्या राहत होत्या, कारण दोहोंच्या मध्ये क्लस्टरचे सॉफ्टवेअर बसले होते. एकाने क्रमांक उचलला की दुसऱ्याला क्षणभर थांबवायचे, पहिल्याने काय लिहिले ते दुसऱ्याला कळवायचे, मगच दुसऱ्याला पुढचा क्रमांक उचलू द्यायचा, हे त्याचे काम. त्यासाठी दोन्ही सर्व्हरांना जोडणारी एक खास तार होती. तिच्यावरून ते एकमेकांना अखंड विचारीत, 'आहेस ना?', आणि उत्तर देत, 'आहे.' ओळंबा याला स्पंदन म्हणे.

आता तार म्हटली की ती कधीतरी तुटणारच. उंदीर कुरतडतो, पाणी झिरपते, कोणी खिळा ठोकतो. स्पंदन ऐकू येईनासे झाले, तर प्रत्येक सर्व्हरला वाटणार की दुसरा मेला आणि आता सारा भार आपल्यावर. दोघेही स्वतःला एकटे वारस समजून कारभार हाकू लागले, की माळ एकाची दोन होते. म्हणून ज्यांनी हे सॉफ्टवेअर रचले त्यांनी एक नियम घालून ठेवला होता. जुन्या इमारतीत एक लहानसे तिसरे यंत्र असे. त्याचे काम केवळ साक्षीदाराचे. तार तुटली की ज्या सर्व्हरला साक्षीदाराचे मत मिळेल त्याने काम चालू ठेवायचे, आणि ज्याला मिळणार नाही त्याने, आपण धडधाकट असलो तरी, मुकाट्याने बंद पडायचे. त्याच्याकडची खिडकी मग आपोआप दुसऱ्याकडे वळे. रांगेतल्या माणसाला कळतही नसे.

हा थांबण्याचा नियम ओळंब्याला फार प्रिय होता. आपण बरोबर आहोत की नाही याची खात्री नसताना गप्प बसणे, ही गोष्ट माणसांना जमत नाही ती यंत्राला शिकवली आहे, असे तो नवशिक्यांना सांगे.

आणि त्यानेच तो नियम बंद केला होता.

झाले होते असे. तारेच्या टोकाला जे जोडयंत्र होते ते जुनाट झाले होते आणि मधूनच उचकी दिल्यासारखे थबके. स्पंदन क्षणभर चुके आणि नव्या इमारतीतला सर्व्हर नियमाप्रमाणे बंद पडे. एका सकाळी तो लागोपाठ असा पडत राहिला, खिडक्या अडखळल्या, रांग जिन्यापर्यंत गेली, आणि रुग्णालयाच्या अधीक्षक स्वतः खाली आल्या. या बाई शस्त्रक्रियेच्या डॉक्टर. कमी बोलत आणि कापल्यासारखे बोलत.

"तुमच्या यंत्राला झालंय काय?"

"त्याला काही झालेलं नाही. सावधगिरी म्हणून ते स्वतःला बंद करतं."

"म्हणजे निरोगी असताना मरतं. कौतुक आहे. आम्ही वरती माणसांना जगवायला धडपडतोय, आणि तुम्ही खाली यंत्रांना मरायला शिकवताय."

आजूबाजूचे हसले. ओळंब्याकडे उत्तर होते, लांबलचक आणि बिनतोड. पण रांग तुंबली होती, लोक हसत होते, आणि आयुष्यात बहुधा प्रथमच त्याने उत्तर दिले नाही. खोलीत जाऊन त्याने सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ लिहून तो नियम बंद केला. नवे जोडयंत्र येईपर्यंतच, असे स्वतःला बजावले. जोडयंत्र आले, बसले. ओळ तशीच राहिली.

विसरलो, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. पण तो विसरला नव्हता. नियम बंद केल्यापासून नव्या इमारतीतून एकही तक्रार आली नव्हती; अधीक्षक बाईंनी एका बैठकीत 'आता कसं शहाण्यासारखं चाललंय' असे म्हटले होते. ती शांतता त्याला आवडू लागली होती. दर आठवड्याला तो स्वतःशी म्हणे, या आठवड्यात चालू करू.

मग भिंगरी प्रतीक्षा-कक्षात पंखा बसवायला आला. तार त्या भिंतीतच होती. बाहेरून दिसता कामा नये म्हणून ओळंब्याने ती गिलाव्याच्या आत पुरून घेतली होती, आणि भिंत बिघडेल म्हणून तिच्यावर खूण अशी काही केली नव्हती. भिंगरीने ड्रिल लावली. तार तुटली. नव्या इमारतीतल्या सर्व्हरने थांबायला हवे होते. तो थांबला नाही. दुपारी घोळ लक्षात येऊन ओळंबा धावत येईपर्यंत दोन्ही खिडक्यांवरून तेच ते क्रमांक वाटले गेले. एका क्रमांकाच्या दोन नळ्या तयार झाल्या: एक कोणा धट्ट्याकट्ट्या ट्रकचालकाची, आणि एक शिवणकाम शिकवणाऱ्या एका वयस्क बाईंची, ज्यांना रक्त पातळ ठेवण्याचे औषध चालू होते. चालकाचा अहवाल बाईंच्या नावावर गेला. रक्त पुरेसे पातळ नाही असे समजून डॉक्टरांनी औषध वाढवले. बाईंना आतल्या आत रक्तस्राव झाला आणि काही दिवस त्या मरणाच्या दारात होत्या.

चौकशीत ओळंब्याने अहवाल लिहिला. नियम त्याने त्याच दुपारी परत चालू केला होता. अहवालात लिहिले: भिंतीत छिद्र पाडताना जोडतार तुटली, त्यामुळे दोन सर्व्हरांमधला संपर्क खंडित झाला, परिणामी क्रमांकांची पुनरावृत्ती झाली. यातले प्रत्येक वाक्य खरे होते. अहवाल खोटा होता. भाषेवर एवढे प्रभुत्व मिळवून आपण काय साधले, ते त्याला त्या कागदाखाली सही करताना कळले, आणि तरीही त्याने सही केली. भिंगरीची रुग्णालयातली कामे बंद झाली. गावभर बोभाटा झाला तो वेगळाच: वायरमनने ड्रिलने म्हातारीचा जीव घेतला असता.

"बोलाल ना त्याच्याशी?" पत्नीने पुन्हा विचारले.

"बोलेन," तो म्हणाला, आणि दोनदा वाचलेले तेच पान पुन्हा वाचू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एका नादुरुस्त संगणकासाठी वरच्या कक्षात गेला होता. परतताना उघड्या दारातून त्याला आवाज ऐकू आला.

"अरे, त्या दिव्याचा नाद सोड. मला कुठे आता सुईत दोरा ओवायचाय?"

"ओवाल हो. बटण सैल आहे नुसतं. हे बघा, झालं."

पलंगावर उशांना टेकून शिवणाच्या बाई बसल्या होत्या. हातावरचे काळेनिळे डाग अजून गेले नव्हते. उशाच्या दिव्यापाशी गुडघे टेकून भिंगरी बसला होता, खिशातल्या नाण्याने स्क्रू पिळीत. हत्यार त्याने आणले नव्हते.

बाईंनी दाराशी घुटमळणाऱ्या ओळंब्याला पाहिले. "या ना. तुम्ही याचे कोण?"

"माझे भाऊजी," भिंगरी उठून म्हणाला. "इथेच असतात. कॉम्प्युटरचं सगळं त्यांच्याकडे."

"असं होय? मग सांगा याला काहीतरी. रोज येतो, फळं आणतो आणि चोरासारखा बसतो. माझा पोटचा मुलगा एवढा येत नाही. मी म्हटलं, बाबा, झालं गेलं. तू काय मुद्दाम केलंस? माफ केलं तुला. तरी येतोच. आता मला वाटतं, माफ केलं नाही म्हणावं, म्हणजे एखाद दिवस निवांत झोपू तरी देईल."

भिंगरी हसला. ओळंब्यालाही हसायला हवे होते. बाई त्याच्याकडे इतक्या निर्मळपणे पाहत होत्या, की त्याला त्यांच्या नजरेपेक्षा हातावरचे डाग बघणे सोपे वाटले. 'चला, येतो,' असे काहीतरी तो पुटपुटला. जिन्याच्या वळणापर्यंत तो गेला, आणि तिथे कठड्याला धरून उभा राहिला. आपल्या वाट्याची माफी दुसरा रोज फळे देऊन विकत घेतो आहे, आणि आपण ती पाहून निघून आलो. यापुढे खाली उतरण्यासारखी पायरी त्याला दिसेना.

भिंगरी मागून आला तेव्हा तो तिथेच होता.

"भाऊजी, बरं नाही का?"

"भिंगरी, तुझी चूक नव्हती."

"असू द्या हो. ताईनं सांगितलं असेल तुम्हाला, याला समजवा म्हणून."

"समजवत नाही. ऐक." आणि जन्मभर मुद्दे क्रमाने मांडणारा तो माणूस शेवटापासून सुरू झाला. "तार तुटली तरी काही व्हायला नको होतं. तारा तुटतातच. त्यासाठीच ते सॉफ्टवेअर असतं. तार तुटली की एकानं थांबायचं, असा त्यात नियम आहे. तो मी बंद करून ठेवला होता."

भिंगरीने कपाळाला आठ्या घातल्या. "थांबा. म्हणजे मी भोक पाडलं, वायर तुटली. आणि तुमचा नियम चालू असता तर?"

"तर कुणाला पत्ताही लागला नसता. मीच नंतर तुला हाक मारली असती, बाबा रे, तार जोडून दे."

"आणि हे तुम्हाला कधी कळलं?"

ओळंब्याला खोटे बोलता आले असते. "मी त्या कक्षात आलो तेव्हाच. तू शिडीवर होतास तेव्हा."

जिन्यावरून एक परिचारिका पाण्याचे भांडे घेऊन वर गेली. दोघांनी तिला वाट दिली.

"माहीत असून मला म्हणालात? जीभ झिजली असती का म्हणून?"

"हो."

"वा, भाऊजी." तो अगदी हळू बोलला. "काम गेलं त्याचं काही नाही. काम मिळतं. पण मी रोज डोळे मिटले की ती बाई दिसते मला. मी माणूस मारणारच होतो, असं समजून राहिलोय मी. दुकानात खिळा ठोकायचा झाला तरी दुसऱ्याला सांगतो. आणि तुम्ही घरी बसून ताईला म्हणताय, बसेल घडी."

"तिनं सांगितलं तुला?"

"ती सगळं सांगते. तुम्हीच काही सांगत नाही."

ओळंबा म्हणाला, "मी अधीक्षकांकडे जातो. आत्ताच."

"ते तुम्ही बघा." भिंगरी दोन पायऱ्या उतरला आणि वळला. "आधी वर जा. मी त्या बाईंकडे जी माफी मागितली ना, ती माझी नव्हती. ती परत घ्या, आणि तुमची द्या. मला आता तिकडे जाववणार नाही."

तो वर गेला. बाईंसमोर उभा राहून त्याने सगळे सांगितले. सर्व्हर, साक्षीदार, नियम, काही वगळले नाही. त्यांनी मध्येच दोनदा थांबवून विचारले, कारण शिवण शिकवणाऱ्या माणसाला टाका कुठे सुटला ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणजे मशीन थांबायला तयार होतं. तुम्हीच थांबू दिलं नाहीत."

"हो."

"आणि त्या पोराला इतके दिवस माझ्या उशाशी बसवलंत."

त्याने उशाशी ठेवलेल्या फळांकडे पाहिले.

"त्याला मी माफ केलं होतं," बाई म्हणाल्या. "ते फुकट गेलं म्हणायचं. आता नव्यानं करायचं तर मला थोडा वेळ द्या. दमायला होतं हो. आणि तुम्ही फळं आणू नका."

अधीक्षक बाईंनी मात्र त्याला पुरते बोलूही दिले नाही. "विषय मिटलाय," त्या समोरच्या कागदांवरून नजर न काढता म्हणाल्या. "पेशंट बरी होतेय. वायरमन बाहेरचा होता. तुम्ही आतले आहात. हे परत उकरून कुणाचं भलं होणार आहे?"

"वायरमनचं."

"तो तुमचा नातेवाईक आहे, असं ऐकते."

"आहे. म्हणूनच त्याच्यावर ढकलणं सोपं गेलं. परक्यानं भांडण केलं असतं."

त्यांनी आता मान वर केली. "त्या दिवशी मी काहीतरी बोलले होते तुम्हाला. यंत्रांना मरायला शिकवता म्हणून."

"बोलला होतात. पण उत्तर द्यायचं काम माझं होतं, आणि उत्तर मला येत होतं. मी दिलं नाही. तो भाग तुमच्या नावावर टाकायला मी आलेलो नाही." तो थांबला. "माझं काय करायचं ते करा. फक्त एक मागणं आहे. तो नियम कसा चालतो ते सगळ्यांसमोर दाखवायचंय मला. दिवसाढवळ्या, खिडक्या चालू असताना. आणि तार त्यानं तोडायची आहे."

"चालू रुग्णालयात?"

"चालू रुग्णालयातच तुटते ती. काम सगळं जुन्या इमारतीतल्या सर्व्हरकडे जाईल, क्रमांक एकाच हातातून निघतील. एरवीही हे आम्ही नियमितपणे तपासून पाहायला हवं. मी तपासत नव्हतो, कारण तपासलं असतं तर नियम बंद आहे हे उघडं पडलं असतं."

भिंगरीला आणायला त्याची ताई गेली. नवऱ्याने तिला सगळे सांगितले होते, आणि ऐकून झाल्यावर ती माळ्यावर चढण्यासाठी भावाच्या घरी निघून गेली होती. हत्यारांची पेटी तिनेच खाली काढली. ती भावाला एवढेच म्हणाली म्हणे, "त्यांच्यासाठी नको येऊस. माझ्यासाठी पण नको. तुझ्या हातासाठी ये."

नव्या इमारतीच्या प्रतीक्षा-कक्षात सकाळची गर्दी होती. भिंतीवरचा पंखा अर्धवट बसवलेला तसाच होता; त्याखाली गिलावा उकरून जोडलेली तार उघडी पडली होती. अधीक्षक बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांच्या सूचनेवरून प्रयोगशाळेचे आणि भांडाराचे लोकही आले होते. ओळंब्याने त्यांना काय घडले होते आणि ते कोणामुळे घडले होते, हे सांगितले. या वेळी वाक्ये चोख नव्हती. एक तर मधेच तुटले, आणि त्याने ते तसेच सोडून दिले. ऐकणाऱ्यांपैकी कोणी हसले नाही. काहींनी भिंगरीकडे पाहिले आणि नजर खाली घेतली.

"तोड," ओळंबा म्हणाला.

भिंगरीने पेटीतून कातर काढली. ती तारेपाशी नेली आणि हात थांबला. नमुने घेणाऱ्या खिडकीकडे त्याने पाहिले. तिथे एक लहान मुलगी आईच्या मांडीवर बसून बाहीचे बटण सोडू देत नव्हती, आणि खिडकीवरची कारकून तिला म्हणत होती, "नळीवर तुझा नंबर चिकटवायचाय गं, दुखायचं नाही."

"भाऊजी, खात्री आहे ना?"

"नाही," ओळंबा म्हणाला. "खात्री होती तेव्हाच घोळ झाला. नियम चालू आहे, आज सकाळी मी पाहिलाय, आणि माझ्यावर विसंबू नये म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुखांनाही दाखवलाय. खात्री तू तोडल्यावर."

भिंगरीने कातर दाबली.

आवाज असा काही झाला नाही. सुकी काडी मोडावी तेवढाच. भिंतीपलीकडच्या खोलीत नव्या सर्व्हरने स्पंदनाची वाट पाहिली, साक्षीदाराचे मत मागितले, ते मिळाले नाही, आणि तो बंद पडला. खिडकीवरच्या पडद्याने पापणी लवावी तशी उघडझाप केली. कारकून बाईने "हं?" केले, एक कळ पुन्हा दाबली, आणि नळीवर क्रमांक चिकटवला.

"पुढचे," ती म्हणाली.

रांग एक पाऊल सरकली. मुलगी आईच्या कडेवरून बाहेर गेली. भिंगरी तुटलेल्या तारेची दोन टोके दोन हातांत धरून ते पाहत राहिला.

"झालं?"

"झालं."

"काहीच झालं नाही की."

"त्या दिवशीही एवढंच व्हायला हवं होतं," ओळंबा म्हणाला.

अधीक्षक बाई काही क्षण खिडकीकडे पाहत होत्या. मग भिंगरीजवळ जाऊन त्या म्हणाल्या, "तो पंखा अर्धाच राहिलाय. बसवून टाकाल?" आणि ओळंब्याला म्हणाल्या, "तुमच्याशी मला दुपारी बोलायचंय." त्या स्वरावरून शिक्षेचेच बोलायचे असेल हे कळण्यासारखे होते. त्याने मान डोलावली.

माणसे पांगली. भिंगरीने तारेची टोके सोलून जोडली आणि जोडावर पट्टी गुंडाळली. त्याची बोटे सुरुवातीला अडखळत होती, मग सरावली. भाऊजींकडे त्याने मान वर करून पाहिले नाही, पण ते तिथून गेले नाहीत हे त्याला ठाऊक होते. काम संपल्यावर त्याने कानावरची पेन्सिल काढून पुढे केली.

"घ्या. वायर कुठून कुठे जाते ते भिंतीवर आखा. पुढच्याला दिसू दे. नंतर मी रंगवून घेईन."

"भिंतीवर?"

"मग काय, हवेत?"

ओळंब्याने त्या स्वच्छ, एकही डाग नसलेल्या भिंतीकडे पाहिले. ती त्यानेच तशी राखून घेतली होती. तो पंख्याखाली लावलेल्या शिडीवर चढला. पेन्सिल टेकवली आणि रेघ ओढू लागला. खालून मेहुणा पाहत होता, रांगेतली माणसे पाहत होती, आणि हात स्थिर राहीना. रेघ मध्यावर खाली झुकली, परत वर आली, आणि कोपऱ्यापाशी जाऊन कशीबशी संपली.

तो उतरून मागे सरला. "वाकडी झाली," तो म्हणाला.

भिंगरीने रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. पूर्वी असता तर त्याने यावर आठवडाभर पुरेल एवढी थट्टा केली असती.

"दिसते ना," तो म्हणाला, "मग राहू दे." आणि पेन्सिल परत कानावर ठेवून, रेघेपासून चांगले हातभर अंतर सोडून, त्याने ड्रिल हातात घेतली.